कापडावरचा शिक्का आणि मोहाची पायली

परदेशी चॉकलेटचं पाकीट उलटं करून बघितलंय कधी? मागे एक पांढरं स्टिकर असतं, बहुतेक वेळा थोडं वाकडंच चिकटवलेलं. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मालाचं साधं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि एमआरपी. आपण फक्त एमआरपी वाचतो आणि चॉकलेट मुकाट्याने जागेवर ठेवतो :)

या पाच ओळींना एक तारीख आहे. २४ नोव्हेंबर २०००. त्या दिवशी विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली की आयात होणाऱ्या प्रत्येक आवेष्टित वस्तूवर या पाच गोष्टी हव्यातच, आणि त्या आहेत की नाहीत हे कस्टम्सने माल सोडण्याआधी बघायचं. वेळही मोक्याची होती. जागतिक व्यापार संघटनेत भारत अमेरिकेविरुद्धची केस १९९९ मध्ये हरला होता, आणि १ एप्रिल २००१ पासून आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं उठणार होती. दार उघडायचंच होतं, मग निदान आत येणाऱ्याने अंगावर नाव-गाव-वजन लिहून यावं. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुट व्हॅलिडेशन!

पण ही कल्पना २००० ची नाही बरं का. ती एकशे अकरा वर्षं जुनी होती, आणि तिची गोष्ट मला चंद्रपूर-गडचिरोलीच्या अंगाने बघायला आवडते. कारण मुंबईच्या गोदीत केलेला नियम आत हजार किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला, नक्की कुणाच्या कामी येतो हे तिथूनच नीट दिसतं.

तर साल १८८९. इंग्लंडमध्ये दोन वर्षांपूर्वी मर्चंडाईज मार्क्स ॲक्ट झाला होता, त्याच धर्तीवर हिंदुस्थानातही एक कायदा आला. त्याने १८७८ च्या सी कस्टम्स ॲक्टमध्ये एक कलम घुसवलं: थानाने विकलं जाणारं कापड आयात करायचं असेल तर प्रत्येक थानावर त्याची खरी लांबी, प्रमाणित यार्डात, ठळकपणे छापलेली हवी. नाहीतर माल आत येणार नाही. देशी गिरण्यांनाही तोच नियम लागू झाला. म्हणजे १८७७ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या टाटांच्या एम्प्रेस मिलच्या थानावरही शिक्का आला. हातमागावर मात्र हे बंधन नव्हतं, कारण कायदा 'फॅक्टरी'पुरता होता.

तेव्हाचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही (गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला). १८७० च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली, मुख्यतः कोळशासाठी. पण कोळसा न्यायला येणारी गाडी येताना रिकामी थोडीच येणार? गिरणीचं कापड आलं, आणि आरमोरी-नागभीडकडच्या मागांना त्याच्याशी झुंजावं लागलं.

आता त्या कलमातली खरी गंमत. लांबी छापायची ती 'इंग्लिश न्यूमरल्स'मध्ये, म्हणजे इंग्रजी आकड्यांत! चांद्याच्या बाजारातल्या दुकानदाराच्या वह्या मोडीत. गिऱ्हाईक बहुधा निरक्षर, आणि पूर्वेकडच्या जंगलात गेलात तर त्याची भाषा गोंडी नाहीतर माडिया. तो कापड मोजणार हाताने, कोपरापासून बोटापर्यंत. यार्ड म्हणजे काय हे त्याला कोण सांगणार? शिक्का वाचणारे तिघेच: कस्टम्सचा अधिकारी, मुंबईचा घाऊक व्यापारी आणि फार तर नागपूरचा अडत्या. त्या तिघांमधली फसवाफसवी या नियमाने नक्कीच अवघड झाली असणार. पुढे थान फाडून तुकड्याने विकलं की शिक्का त्या पहिल्या घडीवरच राहिला.

शिवाय शिक्का लांबीचा. त्या काळी लँकेशायरच्या काही गिरण्या सुताला खळ देताना त्यात चिनी माती भरपूर घालायच्या. कापड जाड आणि भारी वाटायचं, धुतलं की माती पाण्यात आणि हातात जाळी. यार्ड मात्र पूर्ण! जे मोजायला सोपं ते मोजलं. मेट्रिक्सच्या नावाने दर तिमाहीला खडे फोडणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

बरं, यार्ड तरी एकच होतं. वजनाचं काय? ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, पण मुंबईचा शेर २८ तोळ्यांचा. १८७१ मध्ये सरकारने चक्क कायदा केला होता की शेर म्हणजे एक किलोग्रॅम. तो कागदावरच राहिला. पुढे १९५६ चा कायदा आला, १ ऑक्टोबर १९५८ पासून ठरावीक भागांत मेट्रिक वजनं सुरू झाली आणि १९६२ पर्यंत देशभर सक्तीची झाली. सगळे प्रोग्रॅमर घोटून पाठ करतात ती मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट १९९९ ची: दोन टीम, दोन एककं, यान गेलं. आपल्याकडे बाजारातला प्रत्येक व्यवहार तसाच होता, फक्त यानाच्या जागी गिऱ्हाईक जायचं.

मग १९७६ चा वजन-मापांचा कायदा आणि १९७७ चे आवेष्टित वस्तूंचे नियम. आता तराजू दुकानातून उठून कारखान्यात गेला, कारण बंद पाकीट दुकानदार मोजत नाही. म्हणून पाकिटाने स्वतःच बोलायचं. सर्व करांसकट एमआरपी छापायची पद्धत १९९० पासूनची. २००९ च्या वैधमापन कायद्याने आणि २०११ च्या नियमांनी हे सगळं नव्याने बांधलं. आयातदाराची नोंदणी आली. चूक किती चालेल तेही ठरलेलं आहे: अर्धा ते एक किलोच्या पाकिटात जास्तीत जास्त १५ ग्रॅम. आयात मालावर मूळ देशाचं नाव २०१८ पासून आलं.

भाषेचं कलम काय म्हणतं? मजकूर देवनागरी लिपीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत. इतर भाषा हवी तर जोडीला. म्हणजे १८८९ पासून २०११ पर्यंत आलो, आणि भामरागडच्या आठवडी बाजारातल्या बाईसाठी शिक्का अजूनही दुसऱ्याच कुणाच्या भाषेत. तरी यावेळी फरक आहे, हे मान्य करायला हवं. शाळा पोचली, किलो पोचला, आणि पाकिटावरची किंमत वाचून दुकानदाराशी भांडता येतं. ही छोटी गोष्ट नाही.

मात्र हा सगळा इतिहास आत येणाऱ्या मालाचा झाला. या जिल्ह्यांतून बाहेर काय जातं? मोह, चारोळी, तेंदू, बांबू. मोह वर्षानुवर्षं पायलीने मोजला गेला. पायली हे आकारमानाचं माप. सपाट भरायची की शिगेची? फुलं ओली की सुकलेली? मापात टाकताना दाबली का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मापावर छापलेलं नसतं; ते देतो माप हातात धरणारा. तेंदूचं गणित तर संख्येचं: महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा, आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. सत्तर हजार पानं, मे महिन्याच्या उन्हात एकेक तोडून, रचून, बांधलेली. फळीवर ती मोजून घेणार मुन्शी, वहीत लिहिणारही मुन्शीच. १९६९ च्या कायद्याने हा व्यापार सरकारच्या ताब्यात आला, पण फळीवरच्या वहीची बाजू बदलली नाही.

म्हणून मला या इतिहासातली मोठी तारीख २७ एप्रिल २०११ वाटते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्येच सामूहिक वनहक्क मिळाला होता, तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागायचा. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. वरवर बघता एक साधं पावतीपुस्तक! पण त्यावर मालाचं नाव, नग आणि पाठवणारा कोण हे लिहिलं जातं. म्हणजे आयात चॉकलेटच्या मागे आहे तसाच मजकूर, फक्त बाहेर जाणाऱ्या मालाचा, आणि लिहिणारी ग्रामसभा. पुढे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलावही स्वतः करू लागल्या.

वजन-मापांच्या कायद्यांकडे आपण ग्राहकाच्या बाजूनेच बघतो, कारण शहरात आपण ग्राहकच असतो. पॅकेटमध्ये १५ ग्रॅम कमी निघाले तर तक्रार कुठे करायची हे आपल्याला गूगल केलं की कळतं. विकणाऱ्याच्या बाजूने मात्र असा कायदा फार थोडा झालाय, आणि जंगलात लोक विकणारेही असतात. मोहाच्या पायलीवर काय छापायचं हे अजून कुणी ठरवलेलं नाही. ठरवायची वेळ आली तर लिहिण्याची लेखणी कुणाच्या हातात आहे, हे आधी विचारू या.

असो. पुढच्या वेळी पाकीट उलटं कराल तेव्हा एमआरपीच्या वरची ओळही वाचा. तिच्यामागे बरीच भांडणं आहेत.