शून्याचं कार्ड

गेल्या वीकांताला यावलला ताईकडे गेलो होतो. भुसावळला उतरायचं, एस्टी पकडायची, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा... असो, प्रवासवर्णन पुन्हा कधीतरी. आजचा विषय तबला.

भाची आठ वर्षांची, क्लासला जाते. सरांनी तिला पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापून दिलेत. त्यावर खुणा: ×, २, ०, ३. ओळीत मांडायचे आणि प्रत्येकासमोर चार मात्रा मोजायच्या. झाला सोळा मात्रांचा तीनताल! × म्हणजे सम, २ आणि ३ पुढच्या टाळ्या, ० म्हणजे खाली. तिथे टाळी द्यायची नाही, नुसता हात बाजूला न्यायचा.

ते पुठ्ठे बघून माझी जुनी जखम ताजी झाली. सातवीत तबल्याच्या परीक्षेत तीनताल लिहायचा होता. मी समेवर घाईत फुली मारली, ती दिसली अधिकासारखी. परीक्षकांनी ती खाली धरली. का, ते तेव्हा कुणी सांगितलं नाही. नापास झालो आणि तबला माळ्यावर गेला.

कारण नंतर कळलं. आपल्याकडे ताल लिहायच्या दोन पद्धती आहेत. भातखंड्यांच्या पद्धतीत तीनताल ×, २, ०, ३ असा लिहितात. पलुसकरांच्या पद्धतीत १, ५, +, १३. म्हणजे टाळी ज्या मात्रेवर पडते तिचाच आकडा, आणि खालीला अधिक. एकाची सम ती दुसऱ्याची खाली! दोन टीम्सनी एकमेकांना न विचारता प्रोटोकॉल लिहिले की होतं ते हेच.

पण मंडळी, त्या दोघांना हसण्याआधी जरा थांबा. त्याआधी ताल शिकायचा म्हणजे गुरूच्या घरी राहून, ऐकून. कागदावर आला की तो कुणाच्याही घरी जाऊ शकतो, यावलच्या आठ वर्षांच्या मुलीकडेसुद्धा. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) पेशाने वकील. गावोगाव फिरून त्यांनी चिजा जमवल्या आणि क्रमिक पुस्तकांचे सहा भाग काढले. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शाळेचा रस्ता बंद झाला, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला गेले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, सगळं व्यवस्थित. ज्या माणसाला नीट दिसत नव्हतं, त्याने संगीत डोळ्यांना दिसेल असं करून ठेवलं! हे वाचलं आणि माझा परीक्षेचा राग बराच उतरला.

तर भाचीने मला अडवलं. "मामा, इथे शून्य आहे, मग धा कसा वाजतो?"

प्रश्न बिनतोड होता. नवव्या मात्रेवर खाली, आणि ठेक्यात तिथे चक्क 'धा' आहे. मी म्हटलं, शून्य आवाजाचं नाही, टाळीचं. मात्रा चारच्या चार आहेत. फक्त दहावीपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्ग्याचा घुमारा जातो, 'धिं'चा 'तिं' होतो, आणि चौदाव्याला परत येतो. तो गेला की समजायचं, सम जवळ येतेय. कार्ड फक्त जागा दाखवतं, ऐकावं लागतंच.

ती म्हणाली, "मग वाजवून दाखव ना."

आली का पंचाईत! ताईने माळ्यावरून माझा तबला काढला. तबला शाबूत, डग्ग्याचं कातडं मात्र उंदरांनी खाल्लेलं. तरी वाजवला. सोळाच्या सोळा मात्रा खालीसारख्या वाजल्या. भाचीने निमूटपणे चारही पुठ्ठे उचलले, उलटे केले, प्रत्येकाच्या पाठीवर शून्य काढलं आणि माझ्यासमोर ओळीत मांडले.

डग्गा मढवायला टाकलाय. पुढच्या महिन्यात परत यावल.