नळीतून वाहणारी अक्षरे

बागेला पाणी घालताना रबरी नळी आखूड पडली, की आपण तिला दुसरा तुकडा जोडतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात हाच दाखला दिला होता. संगणकाचे प्रोग्रामही असेच एकमेकांना जोडता यावेत, असे त्यांचे म्हणणे. ते म्हणणे ते पुढे वर्षानुवर्षे मांडत राहिले. अखेर जानेवारी १९७३ मध्ये त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांनी एका रात्रीत ते युनिक्स प्रणालीत उतरवले. एका आज्ञेने जे लिहिले, ते थेट दुसरीने वाचायचे. या जोडाची खूण म्हणून पुढे उभी रेघ रूढ झाली. आपल्या ओवी-अभंगातला दंड चरण वेगळे करतो, हा दंड मात्र दोन आज्ञा जोडतो!

मी काही संगणकातला माणूस नाही. पण शब्द मोजायचे म्हटले की कवीचे कान टवकारतात. १९८६ साली एका नियतकालिकात असाच प्रश्न आला : मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द कोणते? डोनाल्ड क्नूथ यांनी त्यासाठी कित्येक पानांचा देखणा प्रोग्राम लिहिला. त्याचे परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा आज्ञा जोडून करून दाखवले. दर ओळीला एक शब्द ठेवा, मोठी अक्षरे लहान करा, वर्णानुक्रमे लावा, सारख्या ओळी मोजा, आकड्यांच्या उतरत्या क्रमाने लावा, वरच्या हव्या तेवढ्या ठेवा. मोजणारी आज्ञा फक्त शेजारच्या ओळी ओळखते, म्हणून आधी क्रम लावायचा.

पण पहिल्याच आज्ञेत अक्षरे म्हणजे फक्त ए ते झेड! त्या नळीत ज्ञानेश्वरी ओतली असती, तर पलीकडे एकही शब्द आला नसता. दोष कुणाचा नव्हता, प्रश्नच इंग्रजी मजकुराचा होता.

युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरी चिन्हांना क्रमांक दिले. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत त्याच थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासोबत ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ची रचना मांडली. इंग्रजी अक्षर पूर्वीसारखेच एका बाइटचे, देवनागरी चिन्ह तीन बाइटचे. त्यामुळे जुन्या नळ्या न मोडता त्यांतून आपली लिपी वाहू लागली.

तरी एक अडचण उरतेच. ज्या आज्ञेला काना-वेलांटी अक्षराचा भाग वाटत नाही, ती ‘कविता’चे ‘कव’ आणि ‘त’ असे दोन तुकडे करते, आणि मोजणी मुकाट्याने पुढे चालू राहते. शेवटी आकडे येतात, नीट ओळीने येतात, पण चुकीचे. म्हणून प्रत्येक जोडानंतर थांबून बाहेर काय आले ते पाहावे. मजकूर मराठी असेल, तर पहिल्या जोडापाशीच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)