हजेरीबुकाच्या उलट लिहिलेलं पुस्तक

माझा आजा रोज चावडीवर हजेरी द्यायचा. गुन्हा काय? तर मांगाच्या पोटी जन्मला. इंग्रजाने १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो आपल्या मुलखात आला आणि १९५२ ला देशभरातून उठला. आजा म्हणायचा, "बुकात नाव होतं, पण माणूस म्हणून नव्हतं."

कॉलेजात आमचे सर म्हणाले, "अण्णा भाऊ भडक लिहितात. सगळं तमाशासारखं." तेव्हा मी मान खाली घातली. आज उत्तर देतो : होय सर, तमाशासारखंच!

अण्णा भाऊ १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात जन्मले. शाळा नावापुरती. बापामागं पायी मुंबई गाठली, मिळेल ती मजुरी केली. १९४४ ला अमरशेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशातली गौळण काढून टाकली. गणात गणपतीऐवजी मातृभूमी आणि कष्टकरी आणले. समोर थकलेले गिरणी कामगार. तिथं पात्राच्या मनातली गुंतागुंत पानभर उलगडत बसायला वेळ कुणाला? माणूस येतो, बोलतो, वार करतो. तो कोण ते लोक त्यावरून ठरवतात. हीच रीत त्यांनी कादंबरीत आणली. उपमा रानातल्या, जनावरांच्या, वादळाच्या. कारण जगणंच तिथलं.

१९५९ ची 'फकिरा' बघा. रानोजी शिगावची जोगिणी वाटेगावला आणायला निघतो. शीव ओलांडली की पाठलाग थांबवायचा, ही रीत. शिगावचा खोत रीत मोडतो आणि रानोजीचं डोकं जातं. आता गंमत बघा. रानोजी ज्या गावाच्या मानासाठी मेला, त्या गावात त्याचं घर वेशीबाहेरच! अण्णा भाऊ इथं भाषण ठोकत नाहीत. एक शीव ओलांडून दाखवतात, दुसरी तशीच ठेवतात. समजायचं ते आपण समजायचं.

पुढं दुष्काळ पडतो. माणसं मरायला लागतात तेव्हा रानोजीचा पोरगा फकिरा धान्य लुटतो, खजिना लुटतो. सरकारी बुकात याला दरोडा म्हणतात. कादंबरीत तेच काम पोवाड्याच्या चालीनं येतं. कृत्य एकच, शब्द बदलला आणि गुन्हेगाराचा नायक झाला. याला भडकपणा म्हणायचं? ही तर नोंद दुरुस्त करणं आहे. फकिरा अण्णा भाऊंच्या आजोळच्या नात्यातला. घरात ऐकलेला इतिहास त्यांनी कागदावर आणला.

आपल्यातले काहीजण म्हणतात, "ते लाल, आपले नव्हेत." त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडावं. 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण आहे. १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन याच माणसानं केलं. १८ जुलै १९६९ ला हाल सोसत गेला. आता जयंतीला आपण फोटोला हार घालतो आणि पुस्तक तसंच ठेवतो. यात सर आणि आपण यांच्यात फरक काय राहिला?

माझा आजा गेला. त्याची हजेरी मी लिहून घेतली नाही, ही चूक माझी. तुमच्या वस्तीत अजून कुणी म्हातारं असेल, तर आज रात्री वही घेऊन त्याच्यापाशी बसा.