अत्याचारानंतर मनावरचा उपचार : वर्धा जिल्ह्यात मदत कुठे आणि कशी शोधावी?

अत्याचाराची घटना घडली की आपले कार्यकर्ते सर्वात आधी पोलीस ठाणे गाठतात. एफआयआर, कलमे, वैद्यकीय तपासणी, अर्थसाहाय्य, निवेदन, मोर्चा ही कामे चळवळीला पाठ आहेत. मनाच्या जखमेचे काय, हा प्रश्न या यादीत बहुतेक वेळा नसतो. खटला वर्षानुवर्षे चालतो. त्या काळात पीडित माणूस रात्र-रात्र जागा असतो, गावातल्या एका ठराविक रस्त्याने जाणे टाळतो, मोटारसायकलचा आवाज आला तरी दचकतो. याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. म्हणून जिल्ह्यात काम करताना आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र देत आहोत.

आघात आणि पीटीएसडी

जिवाला किंवा इभ्रतीला धोका निर्माण करणारी घटना स्वतः भोगली, डोळ्यांनी पाहिली किंवा जवळच्या माणसावर ओढवली, तर मनाला आघात बसतो. पहिले काही दिवस झोप न लागणे, रडू येणे, सुन्न होणे हे स्वाभाविक आहे. बहुतेक माणसे आधार मिळाला की हळूहळू सावरतात. पण एक महिना उलटूनही पुढील चार प्रकारचा त्रास कायम राहिला आणि रोजचे काम बिघडू लागले, तर पीटीएसडी म्हणजे आघातोत्तर तणाव विकाराची शक्यता तपासून घ्यावी :

१. घटना पुन्हा घडते आहे असे वाटणे, भयंकर स्वप्ने पडणे.
२. त्या जागा, माणसे, विषय टाळणे.
३. सतत सावध राहणे, दचकणे, चिडचिड, झोप न येणे.
४. स्वतःलाच दोष देणे, कुणावर विश्वास न उरणे, कशातच मन न लागणे.

हा विकार १९८० मध्ये अमेरिकेतील मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत आला, तो प्रामुख्याने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे. त्यामुळे अनेकांना तो फक्त सैनिकांचा आजार वाटतो. आपल्या जिल्ह्याकडे पाहिले तर तसे वाटणार नाही. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडारात भीषण आग लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथेच जुनी स्फोटके निकामी करताना झालेल्या स्फोटात मजूर दगावले. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आले. अशा प्रत्येक घटनेमागे वाचलेले, पाहिलेले आणि मागे उरलेले लोक असतात. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत वर्धा होता. घरातल्या कर्त्या माणसाला त्या अवस्थेत प्रथम पाहणारे बहुधा पत्नी किंवा मूल असते.

जातीय अत्याचारात आणखी एक गोष्ट वेगळी असते : धोका संपलेला नसतो. आरोपी त्याच गावात असतो, जामिनावर सुटून समोरून जातो. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडानंतर भैयालाल भोतमांगे दहा वर्षांहून अधिक काळ जगले आणि जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या खटल्यावर आपण खूप बोललो, लिहिले. सगळे कुटुंब गमावलेल्या माणसाच्या मनावर तेवढे बोललो नाही.

कुणाकडे जायचे? फरक समजून घ्या

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. ते एमबीबीएसनंतर मानसोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. निदान करतात, औषधे लिहून देतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात, औषधे देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नका.

समुपदेशक म्हणजे कौन्सेलर. यांचे शिक्षण वेगवेगळे असते. काही उत्तम प्रशिक्षित असतात, काहींनी थोड्या दिवसांचा कोर्स केलेला असतो. पदवी कोणती आणि आघातग्रस्तांसोबत किती काम केले, हे विचारावे.

पीटीएसडीवर सर्वाधिक पुरावा असलेला उपचार म्हणजे आघातावर केंद्रित थेरपी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघात-केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस केली. आठवड्याला एक याप्रमाणे साधारण तीन-चार महिने बसावे लागते. काहींना नैराश्यावरची औषधेही उपयोगी पडतात. मात्र नुसत्या झोपेच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही आणि त्यांची सवय लागू शकते.

जिल्ह्यात आणि जवळपास

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. ओपीडीत केसपेपर काढताना ‘मानसोपचार’ सांगावे, आणि डॉक्टरांना ‘फक्त औषध नको, थेरपीही हवी’ असे स्पष्ट सांगावे. न मागता बहुतेकदा गोळ्यांवरच भेट संपते.

वर्धेच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडच्या लोकांना वर्धेला यायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. त्यांनी जवळच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराची भेट कोणत्या दिवशी असते, ते आधी विचारावे.

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो, एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मनोरुग्णालयाच्या ओपीडीत दाखवले म्हणजे भरती करतात, हा गैरसमज आहे.

फोनवर मदत हवी असेल तर टेली-मानस, क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवा फोन आणि ईमेलवर समुपदेशन करते. दलित-बहुजनांसाठी काम करणारा ‘द ब्लू डॉन’ हा गट जातीची जाण असलेल्या मदतीसाठी ओळखला जातो.

लैंगिक अत्याचार किंवा ॲसिड हल्ला असेल तर मनोधैर्य योजनेत अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनाचीही तरतूद आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. महिलांसाठी सखी वन स्टॉप सेंटर आणि १८१, मुलांसाठी १०९८.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

आघातग्रस्तांसोबत आधी काम केले आहे का? कोणती पद्धत वापराल? किती भेटी लागतील, फी किती, सवलत आहे का? मराठीत, आमच्या बोलीत बोलता येईल का? मी सांगेन ते कुणाला कळेल?

आणि जातीचा प्रश्न. हा त्रास जातीमुळे झाला, असे सांगितल्यावर समोरचा काय म्हणतो ते ऐका. ‘आता कुठे राहिली जात’, ‘तुम्ही फार मनाला लावून घेता’ असे उत्तर आले तर थेरपिस्ट बदलण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. थेरपिस्ट आपल्याच समाजाचा असला पाहिजे असे नाही. त्याने तुमचे म्हणणे खरे मानून ऐकले पाहिजे. चांगला थेरपिस्ट पहिल्याच दिवशी सगळी घटना सांगायला लावत नाही. आधी झोप, सुरक्षितता आणि श्वास यांवर काम करतो. दोन-तीन भेटींत विश्वास बसला नाही तर दुसरा शोधा, पण उपचार सोडू नका.

कायदा काय देतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. कलम १८ नुसार शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा हक्क आहे आणि त्यात जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही. कलम २३ गोपनीयतेचे संरक्षण देते.

‘उपचार घेतला तर कोर्टात वेडा ठरवतील’ ही भीती अनेक फिर्यादींना असते. कलम ३ स्पष्ट सांगते की मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून माणूस विकृत मनाचा ठरत नाही, ते ठरवण्याचा अधिकार फक्त सक्षम न्यायालयाला आहे. उपचाराचे कागद जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा.

ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आले. त्यानुसार पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, वैद्यकीय मदत आणि प्रवासाची सोय, तसेच सामाजिक कार्यकर्त्यांचे साहाय्य घेण्याचा हक्क आहे. निवेदन देताना वैद्यकीय मदतीत मानसोपचाराची मागणी वेगळी लिहा.

धम्म आणि उपचार

‘विपश्यनेला पाठवा, बरे वाटेल’ हा सल्ला सद्भावनेने दिला जातो. पण ताज्या आघातात दहा दिवस मौन धरून बसल्यावर त्याच आठवणी अधिक जोराने अंगावर येऊ शकतात. विपश्यना केंद्रेही गंभीर मानसिक आजारावर हे शिबिर उपचाराचा पर्याय नाही, असे सांगतात आणि प्रवेश अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात. आधी उपचार, आणि शिबिर तज्ज्ञाला विचारूनच. पती, मुले, आई-वडील गमावून भान हरपलेल्या पटाचाराला लोक हाकलत होते, तेव्हा बुद्धाने तिला जवळ येऊ दिले. आजारी भिक्खूची त्याने स्वतः सेवा केली. दुःखाचे कारण शोधून त्यावर इलाज करणे धम्माला धरूनच आहे. दवाखान्यात जाणे म्हणजे श्रद्धा कमी पडली, असे कुणी म्हणत असेल तर त्याला हे सांगावे.

कार्यकर्त्यांनी काय पाळावे?

घटनेनंतर आठवडाभरात पाच सत्यशोधन समित्या येतात आणि पाचही जणांना तीच घटना पहिल्यापासून ऐकायची असते. कॅमेरा लावून, शेजारी उभे असताना. हे थांबवले पाहिजे. जबाब एकदाच, एका विश्वासू व्यक्तीने, एकांतात नोंदवावा आणि बाकीच्यांनी तो वाचावा. व्हिडिओ समूहांवर फिरवू नये. पीडिताच्या सोबत दवाखान्यात जाणारा एक माणूस ठरवावा आणि मोर्चा संपल्यावरही तो टिकावा. सतत अशी प्रकरणे हाताळणाऱ्या कार्यकर्त्यांनाही हाच त्रास होतो. त्यांनीही मदत घ्यावी.

कुणी जीव देण्याची भाषा करत असेल तर वाद घालू नका, एकटे सोडू नका. घरातील कीटकनाशके हलवा, १४४१६ किंवा १०८ वर फोन करा आणि जवळच्या दवाखान्यात घेऊन जा. विहारातल्या सूचना फलकावर कार्यक्रमाच्या तारखांच्या शेजारी हे दोन क्रमांक आजच लिहा.