मध्यप्रांत-वऱ्हाडची १९३७ ची निवडणूक आणि सेवाग्राम

वर्धा जिल्ह्यातील आपल्या ज्ञातिबांधवांस सेवाग्राम हे नाव आश्रम, खादी व प्रार्थना यांमुळे परिचित आहे. परंतु एका प्रांतिक निवडणुकीच्या फलश्रुतीचा निकाल ज्या परिसरात लागला, तो परिसरही हाच, याचे स्मरण आता थोड्यांनाच असेल. तरुण पिढीस ही हकीकत ठाऊक असावी, म्हणून ती येथे संक्षेपाने देत आहोत.

गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर या गावी राहावयास आले. गावाचे नाव तेव्हा शेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव रूढ झाले.

१९३५ च्या कायद्यान्वये १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. मत सर्वांस नव्हते. जमीन, कर, शिक्षण इत्यादी अटी होत्या. तरीही पूर्वीच्या मानाने मतदारवर्ग बराच विस्तारला होता. आमच्या प्रांताच्या विधानसभेत ११२ जागा होत्या. त्यांपैकी २० जागा पुणे करारानुसार अस्पृश्य समाजासाठी राखीव होत्या. काँग्रेसला ७० जागा मिळून स्पष्ट बहुमत प्राप्त झाले. तथापि गव्हर्नरच्या विशेषाधिकारांविषयी आश्वासन मिळेपर्यंत काँग्रेसने अधिकारग्रहण नाकारले, व मध्यंतरी राघवेंद्र राव यांचे अल्पमताचे मंत्रिमंडळ कारभार पाहत होते. अखेर जुलै १९३७ मध्ये कार्यकारिणीने वर्धा येथेच अधिकारग्रहणास संमती दिली व नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे मुख्य मंत्री झाले.

प्रांताची घडणच मोठी विचित्र होती. महाकोशल हिंदी भाषिक, नागपूर व वऱ्हाड मराठी भाषिक. विधिमंडळ एक, पण काँग्रेसच्या प्रांतिक समित्या तीन. मंत्रिमंडळात रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलचे. रामराव देशमुख व पुरुषोत्तम गोळे हे वऱ्हाडचे. खात्यांची वाटणी व परस्पर अविश्वास यांवरून कुरबुरी वाढत गेल्या. मे १९३८ मध्ये पचमढी येथे समेट झाला, परंतु तो टिकला नाही.

२० जुलै १९३८ रोजी डॉ. खरे यांनी राजीनामा दिला. गोळे व देशमुख यांनीही दिला. महाकोशलच्या तिघांनी मात्र पक्षश्रेष्ठींच्या आज्ञेवाचून तो देण्याचे नाकारले. तेव्हा गव्हर्नरने त्या तिघांना बडतर्फ करून डॉ. खरे यांना नवे मंत्रिमंडळ बनविण्यास पाचारण केले. या नव्या मंत्रिमंडळात रामेश्वर अग्निभोज या अस्पृश्य समाजातील गृहस्थांची नेमणूक झाली. ती अवघ्या दोन-तीन दिवसांची ठरली. तिच्यावरून पुढे दीर्घकाळ वाद चालला व डॉ. आंबेडकरांनीही आपल्या ग्रंथात तिचा परामर्श घेतला.

पक्षास न विचारता गव्हर्नरच्या हातून सहकाऱ्यांना दूर करविणे श्रेष्ठींना रुचले नाही. डॉ. खरे यांस वर्ध्यास बोलावणे आले व २३ जुलै रोजी त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. त्यानंतर ते शेगावी गांधीजींस भेटले. तेथे एका निवेदनाचा मसुदा झाला, गांधीजींनी त्यात दुरुस्त्या केल्या, पण डॉ. खरे यांनी त्यावर सही केली नाही. कार्यकारिणीने त्यांस दोषी ठरविले, आणि राष्ट्राध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात भरलेल्या आमदारांच्या सभेने शुक्लांची नेतेपदी निवड केली.

या प्रकरणी दोन्ही पक्षांचे म्हणणे विचारार्ह आहे, असे आम्हांस वाटते. ज्या पक्षाच्या नावावर मते मिळाली, त्याची शिस्त मोडणाऱ्यास नेतृत्वाचा हक्क उरत नाही, ही एक बाजू. नेता निवडणाऱ्या सभेपुढे प्रश्न येण्यापूर्वीच निर्णय बाहेर ठरला, तर मतदाराच्या मताचे मोल काय, ही दुसरी. पहिल्या बाजूचे समर्थन करतानाही दुसऱ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले, असे आम्ही म्हणू शकत नाही.

मराठी भागातील असंतोषास मात्र लवकरच वाचा फुटली. १ ऑक्टोबर १९३८ रोजी त्याच विधिमंडळात स्वतंत्र विदर्भ प्रांताचा ठराव संमत झाला. पुढे १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार, १९५६ चे द्वैभाषिक मुंबई राज्य व १९६० चे महाराष्ट्र राज्य, अशी ही वाट चालत आली.

यातून आपल्या ज्ञातीने घ्यावयाचा बोध उघड आहे. आपला मनुष्य निवडून आला की संस्थेत हारतुरे होतात व तेथेच आपले कर्तव्य संपले, असे आपण समजतो. अग्निभोजांची नेमणूक ज्या घाईने झाली व ज्या घाईने विरली, तीवरून दिसते की मंत्रिमंडळातील एखादी खुर्ची समाजास बळ देत नाही. त्या खुर्चीमागे जागृत, शिक्षित व हिशेब विचारणारा मतदार उभा असावा लागतो. तो घडविण्याचे कार्य वसतिगृहातून, वाचनालयातून व ज्ञातिसभेतील निर्भय चर्चेतूनच होणार. प्रतिनिधीस निवडून देण्याइतकेच त्यास वर्षानुवर्षे प्रश्न विचारीत राहणे हेही आपले कर्तव्य आहे, हे ज्ञातिबांधवांनी ध्यानी घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.