शहाबादी फरशी : किनाऱ्याजवळच्या गॅरेजची खोली करताना

कर्नाटकातील कलबुर्गी (जुने गुलबर्गा) जिल्ह्यात शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम या पट्ट्यात निघणाऱ्या थरांच्या चुनखडकाची लादी. रंग बहुधा निळसर राखी, काही खाणींत पिवळट किंवा गुलाबीसर. वाडे, चाळी, शाळा, देवळांची आवारे, रेल्वेचे फलाट या सगळ्यांवर ही फरशी इतकी पडली आहे, की महाराष्ट्रात जुन्या घराची जमीन म्हटली की तीच डोळ्यांपुढे येते.

भूवैज्ञानिक या खडकांना भीमा गट म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसत गेला आणि त्याचा हा दगड झाला. थराच्या रेषेवर पहार आणि छिन्नी चालवली की तो सपाट पाट्यांत सुटतो. त्यामुळे यंत्रे नव्हती तेव्हाही फरशी काढणे परवडत असे. या पट्ट्याच्या उत्तरेला लाव्ह्याचा काळा दगड लागतो आणि बीदर शहर तर जांभ्याच्या पठारावर वसले आहे. म्हणून भालकी, बसवकल्याण, औराद या मराठी बोलीच्या तालुक्यांतल्या माळवदाच्या घरांनाही फरशी दक्षिणेकडूनच आणावी लागते. भीमेकाठी सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळी येथील बौद्ध स्तूपाचे शिल्पपट याच भागातल्या चुनखडकात कोरलेले आहेत. अशोकाचे नाव कोरलेला शिल्पपट तिथलाच. वाडी आणि मळखेडचे सिमेंट कारखानेही याच चुनखडकावर उभे आहेत.

फरशी दूरवर पोचवली ती रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून सोलापूरमार्गे येणारा मार्ग १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेला मिळाला आणि शहाबाद त्या मार्गावरचे स्थानक झाले. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये तो म्हैसूर राज्यात गेला. सरहद्दी हलल्या तरी सोलापूर, पुणे, मुंबईकडचा फरशीचा व्यापार चालू राहिला.

या फरशीची खरी कसोटी कोकणपट्टीच्या ओलीत लागते. घराशेजारचे गॅरेज बंद करून तिथे अभ्यासाची, पाहुण्यांची किंवा वृद्धांसाठी तळमजल्यावरची खोली करण्याची गरज अनेक कुटुंबांना पडते. अशा बदलाला स्थानिक नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. ती आधी घ्यावी. गॅरेजची जमीन गाडीसाठी केलेली असते. ती अंगणाच्याच पातळीवर असते, तिचा उतार शटरकडे असतो, कोब्यावर तेल मुरलेले असते आणि खाली ओल अडवणारे काहीच नसते. यांतले काहीही न सुधारता वर नुसती फरशी बसवली, तर दगड कितीही चांगला असला तरी दोनचार पावसाळ्यांत खोली कुबट होते.

म्हणून आधी ओल कुठून येते ते पाहावे. दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि निदान १६ तासांनी उचलावा. खालच्या बाजूला पाणी धरले किंवा कोबा काळपटला असेल, तर ओल जमिनीतून चढते आहे. वरच्या बाजूला दव असेल, तर दमट हवा गार जमिनीवर निवते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा खर्च दुसऱ्यावर करणे व्यर्थ जाते. हवेतल्या ओलीला समोरासमोर खिडक्या आणि पंखा हवा. ऐन पावसात बाहेरची हवाच भिजलेली असते, तेव्हा दारे उघडी टाकून जमीन सुकत नाही. जमिनीतली ओल मात्र फरशीच्या खालीच अडवावी लागते.

त्यासाठी जुना कोबा उखडणे उत्तम. मुरूम भरून, पाणी मारून धुमस करावी, वर दगडांचे सोलिंग, त्यावर वाळूचा पातळ थर, त्यावर २५० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिक कागद. कागदाचे जोड निदान सहा इंच एकमेकांवर यावेत आणि कडा भिंतीवर वळवून घ्याव्यात. बहुतेक ठिकाणी ओल शिरते ती भिंतीलगतच्या फटीतूनच. त्यावर तीन ते चार इंच काँक्रीट. तयार जमीन अंगणापेक्षा सहा इंच उंच राहील आणि अंगणाचा उतार खोलीपासून दूर जाईल असे पाहावे. छप्पर ठेंगणे असेल तर ही उंची आधीच मोजावी. कोबा ठेवायचाच असेल, तर तेल मुरलेला भाग छिन्नीने काढून टाकावा, कारण तेलावर सिमेंट धरत नाही. खाडीची वाळू आणि मचूळ विहिरीचे पाणी कटाक्षाने टाळावे. त्यातले मीठ पुढे वर येऊन पांढरा लोणा धरतो आणि तो किती पुसला तरी परत येतो.

दगड निवडताना लादी उभी धरून हातोडीने हलकेच ठोकावी. खणखणीत आवाज आला तर घ्यावी; बद्द आवाज म्हणजे थर आतून सुटलेला. पाणी मारून सुकू द्यावी: सगळी लादी सुकली तरी एखादी ओली रेघ उरली, तर तिथे चीर आहे. दोन फूट चौरस, एक इंच जाडीची लादी साधारण २५ किलो भरते, तेव्हा ती एकट्याने उचलू नये.

ही लादी खाणीतून येते तशी, थोडीफार कमीजास्त जाडीची. म्हणून टाइलसारखी पातळ गोंदावर ती नीट बसत नाही. एकास सहा प्रमाणाच्या सिमेंट-वाळूच्या मालाचा दीडेक इंच थर लागतो. दोरी लावून, लादी भिजवून, खाली सिमेंटचा राप देऊन बसवावी आणि रबरी हातोड्याने ठोकून पोकळ आवाज उरला नाही याची खात्री करावी. दरजा तीन ते पाच मिलिमीटर ठेवून भराव्यात आणि आठवडाभर पाणी मारावे. पॉलिश माल नीट धरल्यावरच करावे. वृद्धांच्या खोलीत आरशासारखी चमक आणू नये, कारण दमट दिवसांत अशी फरशी निसरडी होते.

व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी पाणी शोषते आणि चांगल्या पायावर ती शहाबादीइतकीच टिकते. लॅमिनेट ओलीने फुगते, व्हिनाइलचा गोंद सुटतो आणि इपॉक्सीच्या थराला खालच्या वाफेने फोड येतात. ओल न अडवता यांतले काहीही वापरू नये. शहाबादीवरही वार्निशसारखा वरचा जाड थर नको. आत अडकलेले मीठ दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सोडवते.

चुनखडक आम्लाने झिजतो. लिंबू, चिंच, कोकम किंवा संडास धुण्याचे ॲसिड सांडले तर डाग पडतो आणि तिथली चकाकी कायमची जाते; पुसायला साधे पाणी आणि सौम्य साबण पुरे. खणताना आणि कापताना बराच दगड वाया जातो, त्याचे ढीग शहाबाद-चित्तापूर भागात खाणींच्या कडेला पडून असतात. पाडलेल्या वाड्यातून आलेली जुनी फरशी मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. तिची खालची बाजू बहुधा न झिजलेली असते, कडा कापून तीच वर करता येते. नवी घेतली तर पाचसहा लाद्या जास्तीच्या ठेवाव्यात, कारण पुढच्या खेपेचा रंग जुळेलच असे नाही.