आजोबांची वही, मामाची सीडी आणि मराठी फॉन्टचा इतिहास

या पॉडकास्टवर आपण नवनवीन गॅजेट्सबद्दल बोलतो, पण आजचं गॅजेट बघून तुम्ही हसाल. यूएसबीला लावायचा सीडी ड्राइव्ह! माझ्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नाही, तुमच्याही नसेल. मग घेतला कशाला? तर मामानं दिलेल्या एका सीडीसाठी.

मामाचं जालन्यात गांधी चमनजवळ डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल. २००४ साली त्यानं आजोबांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, आठवणींची वही टाइप केली. आजोबा निजामाच्या राज्यात जन्मलेले. शाळेत उर्दू, घरात मराठी. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा ते शाळकरी पोर होते, आणि ७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मुकादम. हे सगळं त्या वहीत होतं. वही पुढे वाळवीनं खाल्ली, आजोबाही गेले. उरली ही सीडी. गेल्या दिवाळीत मामा म्हणाला, "इंजिनिअर झालास ना? बघ, काय निघायलंय का."

सीडी वाचली गेली, हे पहिलं नशीब. फाइल पेजमेकरची. मामाचा जुना पीसी कधीच भंगारात गेलेला. पण लिब्रेऑफिस पेजमेकरच्या जुन्या फायली उघडतं, हे मला त्या रात्री कळलं. फुकटचं सॉफ्टवेअर आहे, टाकून ठेवा. फाइल उघडली आणि समोर सगळी इंग्रजी अक्षरं. शब्द एकही इंग्रजी नाही. 'मराठी' हा शब्द जिथे असायला हवा तिथे ई, जे, के, मोठा बी, एच. मामाला फोटो पाठवला. तो शांतपणे म्हणाला, "अरे फॉन्ट टाक की आधी."

इथून इतिहास सुरू होतो.

गंमत अशी की मराठी कॉम्प्युटरवर नीट साठवायची कशी, हा प्रश्न आपल्याकडे पेजमेकर पोचायच्या आधीच सुटत आला होता. आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांनी भारतीय लिप्यांवर काम केलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि ते काम 'जिस्ट' नावानं तिकडे आलं. जिस्ट कार्ड म्हणजे पीसीच्या आत खोचायचं एक सर्किट. ते लावलं की डॉसवरचे साधे प्रोग्राम देवनागरी दाखवायचे. त्याच काळात इनस्क्रिप्ट कीबोर्ड ठरला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि 'क' ची कळ सगळ्या भारतीय लिप्यांत एकच. १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक आलं. त्यात अक्षर कसं दिसतं ते साठवत नाहीत, उच्चाराच्या क्रमानं साठवतात. आधी व्यंजन, मग वेलांटी. माझ्या मते आपल्या देशातल्या सॉफ्टवेअरमधला हा सगळ्यात शहाणा निर्णयांपैकी एक. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ ची, आणि तिच्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या रूपावरून घेतलेली.

मग मामाची फाइल अशी का?

कारण छापखान्यांना छापायचं होतं, साठवायचं नव्हतं. पेजमेकर आणि कोरल ड्रॉला देवनागरी कळत नव्हती. तर जुगाड असा केला की इंग्रजी फॉन्ट घ्यायचा आणि त्यातल्या 'ई' च्या जागी 'म' चं चित्र काढायचं, 'जे' च्या जागी 'र' चं. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी टाइप करतोय, कागदावर मराठी उमटते. कृतिदेव, आकृती, पुण्याची श्रीलिपी, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, या सगळ्यांची मूळ युक्ती हीच. पण कोणत्या अक्षराच्या जागी कोणतं चित्र, हे ज्याचं त्यानं ठरवलं. एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये टाकली की कचरा. आणि ही तात्पुरती सोय नव्हती हं. पंधरा-वीस वर्षांची मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, सरकारी परिपत्रकं अशीच तयार झाली.

यातल्या कृतिदेवची कळफलकाची चाल टाइपरायटरची होती. म्हणून टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी तीसची परीक्षा दिलेली माणसं थेट पीसीवर बसू शकली. मामा तसाच बसला. ह्या फॉन्टांना नावं ठेवणारे हे विसरतात. मानक देखणं होतं, पण पोट ह्या जुगाडावर भरलं.

दरम्यान विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला, र. कृ. जोशींनी घडवलेला. एक्सपीवर मात्र मराठी आपोआप दिसत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये एका चौकोनात खूण करावी लागायची, त्यापुढे कंसात 'थाईसह' असं लिहिलेलं असायचं, आणि मग तो विंडोजची सीडी मागायचा. आमच्या गल्लीत ती सीडी कुणाकडेच नसायची! बरहा, गमभन वगैरेंनी रोमनमधून मराठी लिहायची सोय केली आणि इंटरनेटवर मराठी वाहू लागली. डीटीपीची दुकानं मात्र बरीच वर्षं आपल्या फॉन्टांवरच राहिली.

आता माझी खटपट. जालावर एक कन्व्हर्टर सापडला. हा अक्षरांचा तक्ता असतो, पण नुसता तक्ता पुरत नाही. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारतात, कारण ती डावीकडे दिसते. 'स्थिती' लिहिताना आधी वेलांटी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये स, हलन्त, थ आणि मग वेलांटी. म्हणजे प्रोग्रामनं वेलांटी उचलून अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवायची. रफाराचं उलटं: तो टाइपरायटरवर नंतर येतो, त्याला मागे ओढायचं.

हे सगळं त्या कन्व्हर्टरनं केलं. तरी आजोबांच्या मजकुरात जिथे तिथे 'शेतकर्यांना'. कन्व्हर्टर हिंदीसाठी लिहिलेला, आणि हिंदीत 'ऱ्य' नाही. आपल्याकडे त्या आडव्या र वर अर्थ फिरतो: दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, हे तर शाळेतलं उदाहरण. युनिकोडमध्ये ह्यासाठी नुक्तावाला ऱ आहे, क्रमांक ०९३१. तक्त्यात एक ओळ घातली, शेतकरी दुरुस्त झाले. जमलं तर ह्या ओळीसकट पूर्ण स्क्रिप्ट टाकेन. तुमच्याही घरी अशी एखादी सीडी असणार.

बरोबर झालंय हे कसं कळणार? मूळ वही तर नाही. मी मूळ फॉन्ट लावून पानांची पीडीएफ केली, टेसरॅक्टनं त्यातली अक्षरं ओळखून घेतली आणि ती प्रत नि कन्व्हर्टरची प्रत 'डिफ' मधून एकमेकांशी ताडून पाहिली. डिफ १९७४ च्या युनिक्समध्ये आलेलं, बेल लॅब्समधल्या डग्लस मॅकिलरॉय यांचं. पन्नास वर्षांचं अवजार, आणि मी ऑफिसात रोज वापरतो. दोन्ही प्रती जिथे वेगळ्या, तेवढ्याच जागा आईला वाचून दाखवल्या. खडीच्या कामाचं प्रकरण वाचताना आई मधेच म्हणाली, "हे अण्णा असंच बोलायचे." मग आम्ही ते प्रकरण दोनदा वाचलं.

एक जागा राहिली. १९४८ च्या प्रकरणात, शाळा सुटल्याच्या वर्णनानंतर चार ओळींएवढी मोकळी जागा आहे आणि तिच्यात एवढंच: 'इथे उर्दू, हाताने'. तक्ता नाही, चित्र नाही, काही नाही. मामाला विचारलं. तो म्हणाला, "माझ्याकडं उर्दूचा फॉन्ट कुठला? प्रिंट काढली आणि अण्णांनी स्वतः पेनानं लिहिलं." ती प्रिंट अंबडच्या मावशीकडे असावी असं त्याला वाटतं. येत्या रविवारी जातोय. मोबाइलवर स्कॅन करून आणीन, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाला उर्दू हस्ताक्षर वाचता येत असेल तर खाली नक्की लिहा.